मला अंगठा, तिला चार परिच्छेद

जोगजा, ९ फेब्रुवारी

हेस्तु,

मी जळत नाहीये, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुला मोकळ्या मनाने वाचता येईल.

आज पावोनच्या पानावर, देखभाल करणाऱ्यांच्या यादीत, तिसरं नाव चढलं. बारा वर्षं तिथे दोनच नावं होती, तुझं आणि माझं. आता त्यांच्याखाली केनांगा प्रमेस्ती, मलांग. फोटोत हसतेय. हसू दे बापडीला. माझं म्हणणं एवढंच, की मला आधी विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.

तू म्हणशील, विचारलं होतं. मागच्या ईदला तू ब्रेबेसहून आलास तेव्हा जेवताना काहीबाही बोलत होतास खरा. कंटाळा आलाय, सकाळी डोळे उघडले की अनोळखी माणसांच्या तक्रारी, सासऱ्यांचे गुडघे, त्यांची बदकं, कुणीतरी तरुण हवं. मी हो हो म्हटलं. पालुपीने तुला गुडेग पुन्हा वाढलं आणि विषय तिथेच राहिला. त्यात या मुलीचं नाव नव्हतं, एवढं मला पक्कं आठवतं.

कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. चर्चेच्या पानावर लिहावं तर सगळं जग वाचतं. फोनवर लिहावं तर तू अंगठा पाठवतोस. गेलं वर्षभर मी तुला जे जे कळवलं, आईच्या ऑपरेशनची बातमी धरून, त्या सगळ्याला तुझा एक पिवळा अंगठा आलाय. कागदावर अंगठा उमटवायचा तर शाई आणावी लागेल. तेवढे कष्ट घे.

आणि तिला? तिने काल चर्चेत साधा प्रश्न विचारला, नवी आवृत्ती बाहेर काढताना कुठलं काम आधी करायचं. तू तिला चार परिच्छेद लिहिलेस. सर्व्हर कुणाच्या नावावर आहे, पावोनचा पत्ता दर वर्षी कधी नव्याने नोंदवायचा, सुराबायाचा तो म्हातारा शिव्या देतो पण मनाने वाईट नाही, अगदी सगळं. मला अंगठा, तिला चार परिच्छेद. मी मोजत बसलो नव्हतो, नजरेला पडलं.

परवा पालुपीचा भाऊ विचारत होता, हे पावोन म्हणजे नक्की आहे तरी काय. मी म्हटलं, पावोन म्हणजे स्वयंपाकघर, तसं हे पायथनमध्ये बांधलेलं स्वयंपाकघर. ज्याला वेबसाइट उभी करायची त्याने आपला तांदूळ तेवढा आणायचा. चूल, भांडी, मोरी आमची. "आणि भाडं किती घेता?" "काही नाही." त्याने बहिणीकडे असं पाहिलं, की तिला दिलेल्या घराची त्याला नव्याने काळजी वाटली असावी.

आता कामाचं. तुझ्या केनांगाने आल्या आल्या सेटिंगच्या फाइलीत हात घातलाय. ती फाइल माझी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. "ही ओळ बदलण्याआधी चहा प्या" ही टीप मी तिथे लिहिली, आणि बारा वर्षं लोक चहा पिऊन परत गेले, ओळ कुणी बदलली नाही. तिचं म्हणणं, गुप्त किल्लीची सोय काढून टाका. तुला आठवत असेल, खोलीवर तळलेला टेंपे खात तूच म्हणाला होतास, नवशिक्याला दारातच कुलूप दिसलं तर तो आल्या पावली परत जाईल. म्हणून मी सोय केली. साइटवाला आपली किल्ली द्यायला विसरला तर पावोन स्वतःच एक बनवतं आणि निमूट सुरू होतं. ही म्हणते, किल्ली नसेल तर सुरूच होऊ नये. वर आदराने दादा म्हणत लिहिते, "मास मिको यांनी केलेली सोय त्या काळासाठी योग्यच होती."

त्या काळासाठी. जणू मी डच लोकांच्या राज्यात जन्मलो.

मी तिला सभ्यपणे उत्तर दिलंय. "छान विचार आहे. हो, सवडीने बघतो."

पालुपीचा नमस्कार. बाकपियाचा डबा सोबत आहे. तुझ्यासाठी आहे, बदकांसाठी नाही.

मिको

जोगजा, ३ मार्च

हेस्तु,

उत्तर आलं नाही. डबा पोचल्याचा अंगठा मात्र आला.

इकडे कानामागून आली आणि तिखट झाली अशी गत आहे. कुणी काही विचारलं की लोक आता सरळ तिचं नाव घालून विचारतात. जुन्या माहितीपत्रकातल्या चुका तिने सुधारल्या. चाचण्या लवकर संपतील असं काहीतरी केलं. त्यावर तू लिहिलंस, "हे मला सुचायला हवं होतं." मी दहा वर्षांपूर्वी तेच सुचवलं होतं, तेव्हा तू म्हणाला होतास, कशाला, चालतंय की.

पालुपी म्हणते, "मास, तुम्ही बायकोकडे जेवढं बघत नाही तेवढं त्या चर्चेकडे बघता."

मी म्हटलं, "कामाचं आहे."

"काम काय ते? तिने किती ओळी लिहिल्या आणि हेस्तुने किती, हेच ना? माझ्या धाकट्या जावेला सासूबाईंनी बांगड्या दिल्या होत्या तेव्हा माझा चेहरा असाच झाला होता. मी निदान कबूल केलं होतं."

तिला वेबसाइटमधलं काही कळत नाही.

मिको

जोगजा, १८ एप्रिल

हेस्तु,

तिचा किल्लीचा प्रस्ताव काल बॉटने बंद केला. नियम तुझाच आहे, दोन महिने कुणी बोट लावलं नाही तर प्रस्ताव आपोआप बंद. आणि सेटिंगमधला बदल माझ्या संमतीशिवाय आत जायचा नाही, हाही नियम तुझाच. मी काहीही केलेलं नाही. मी नाही म्हटलेलं नाही. चर्चेत शोध, माझा एकही वाकडा शब्द सापडणार नाही. शेवटचं वाक्य "हो, सवडीने बघतो" हेच आहे.

खरं सांगू, दिवसभर बरं वाटत होतं. संध्याकाळी मी स्वतः जाऊन साते घेऊन आलो, पालुपीने विचारलं काय विशेष, म्हटलं काही नाही.

आज सकाळी पाहतो तर तिने प्रस्ताव पुन्हा उघडलाय. रागावून नाही. लिहिलंय, "मास मिको यांच्यामागे घरचं दुखणं आहे असं कळलं. सवड होईल तेव्हा बघतील." आईचं तिला कुणी सांगितलं? तूच. म्हणजे माझ्या आईच्या पोटाचं ऑपरेशन मलांगपर्यंत पोचलं आणि मला अंगठा.

वर तिने पार्सल पाठवलंय, मलांगचे टेंपेचे वेफर, आईसाठी. आईने अर्धा डबा संपवला आणि म्हणते, ही कोण गुणी मुलगी, हिचं लग्न झालंय का. माझ्याच घरात माझी माणसं फितूर व्हायला लागली आहेत.

मिको

जोगजा, १४ मे

हेस्तु,

तू ते वाचलंच असशील, पण माझ्या बाजूने वाच.

दक्षिणेच्या डोंगरातला एक सरकारी दवाखाना रोजचे नंबर पावोनवर देतो. तिथल्या कारकून बाई, बु रुबियाह, परवा आपल्या चर्चेत आल्या. सगळे इंग्रजीत लिहितात, यांनी सरळ आपल्या बोलीत लिहिलं. "बाळांनो, आमच्याकडे म्हातारी माणसं नातीच्या फोनवरून नंबर घेतात. नवीन मोठा सर्व्हर आल्यापासून पान मधेच त्यांची ओळख विसरतं आणि त्यांना बाहेर काढतं. परत नंबर घ्यायला जावं तर शेवटचा मिळतो. काल एक आजोबा माझ्यासमोर रडले. मला वाटलं मीच काही चुकीचं दाबते. कुणी सांगाल का?"

वाचता वाचता मला कळलं. तुलाही कळलं असणार. आधी सर्व्हर छोटा होता, पावोन एकटंच चालायचं, आलेल्यांच्या ओळखीवर शिक्का मारायला एकच किल्ली. मोठ्या सर्व्हरवर त्याच्या चार प्रती शेजारी शेजारी चालतात. बाईंनी किल्ली दिलेली नाही. मग माझ्या सोयीप्रमाणे चौघांनी निमूटपणे चार वेगवेगळ्या किल्ल्या बनवल्या. खाणावळीच्या चार खिडक्यांचे शिक्के वेगळे असावेत तसं झालं. एका खिडकीने दिलेलं कुपन दुसरी ओळखत नाही, आणि भुकेला माणूस मधे उभा. केनांगा फेब्रुवारीत हेच सांगत होती. मी ते नीट वाचलंही नव्हतं, तिची वाक्यं किती लांब आहेत तेवढं पाहिलं होतं.

मी बाईंना खाजगीत लिहून, हाताने किल्ली कशी घालायची ते सांगितलं. त्यांचं काम सुरू झालं. त्यांनी मला आशीर्वाद दिला. तो घेताना मला कसंतरीच झालं.

पण त्याआधी केनांगाने चर्चेत उत्तर देऊन टाकलं होतं. "बु, तुम्ही काही चुकीचं दाबलं नाही, चूक पावोनची आहे. दुरुस्ती फेब्रुवारीपासून तयार आहे. पुढे न्यायला माझ्याकडून उशीर झाला, माफ करा."

माझ्याकडून. हेस्तु, तिने माझा दोषसुद्धा माझ्याकडून काढून घेतला. निदान तो तरी माझा राहू द्यायचा. आणि त्या उत्तराखाली तू लाल हृदय दिलंस. बारा वर्षांत मला हृदय आलेलं नाही.

तू म्हणशील, मग आता तरी संमती दे. बाईंचं काम झालंय, पण असे आणखी किती दवाखाने असतील देव जाणे. कळतंय मला. रोज सकाळी तो प्रस्ताव उघडतो, बटणावर बोट नेतो आणि पान बंद करतो. आज हो म्हटलं तर ती बरोबर होती हे साऱ्या जगाला दिसेल. त्याहून वाईट म्हणजे तुला दिसेल. हा माणसाने लिहायचा मजकूर नाही, पण लिहिला.

मिको

जोगजा, ९ जून

हेस्तु,

काल इथे पावोनवाल्यांचा मेळावा झाला, आपल्या जुन्या कॉलेजच्या सभागृहात. केनांगा आली होती. फोटोपेक्षा बुटकी आहे, आवाज मात्र दुप्पट. मी ठरवून गेलो होतो, गोड हसायचं, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. संध्याकाळी ती म्हणाली, "मास मिको, चला, मला तुमची ती आंगक्रिंगानची हातगाडी दाखवा, हेस्तु मास नेहमी सांगतात ती." आपली गाडी, हेस्तु. स्टेशनामागची. ती तू तिला सांगितलीस.

बाकावर बसलो. आल्याचा चहा आला. तिने केळीच्या पानातली भाताची तीन पुडकी उघडली आणि खाता खाता म्हणाली, "एक विचारू? राग नका मानू."

"विचार ना."

"माझा किल्लीचा प्रस्ताव तुम्हाला आवडला नाही, ना?"

"छे छे. चांगला आहे. बघतो मी."

तिने हातातलं पुडकं खाली ठेवलं. "हे बघा, हेच. आमच्या मलांगमध्ये माणसाला नको असलं की तो नको म्हणतो, वर एक शिवी देतो आणि मग दोघं कॉफी प्यायला जातात. तुमचं 'हो' वाचून मी दोन महिने वाट बघत बसले. म्हटलं, बिचाऱ्यांना सवड नाही. मग माझी जोगजाची मैत्रीण म्हणाली, अगं वेडे, ते केव्हाच 'नाही' म्हणाले, तुलाच ऐकू आलं नाही."

गाडीवाल्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्याचे.

मी म्हटलं, "मग उशीर तुझ्याकडून झाला असं का लिहिलंस?"

"मग काय, तुमचं नाव घालू? चारचौघांत? आणि खोटं कुठे होतं त्यात? भाषा मलाच कळली नाही." तिने चहाचा घोट घेतला. "पण आता एकदाचं काय ते स्पष्ट सांगा, मास. हेस्तु मास गेल्यावर हा गाडा आपल्या दोघांनाच ओढायचाय. रोज तुमच्या मनातलं ओळखत बसायला मला नाही जमणार."

"हेस्तु गेल्यावर म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "असं काय करता? जुलैपासून ते पावोनमध्ये नाहीत ना. यादीतून त्यांचं नाव काढायचं कामसुद्धा माझ्याकडे दिलंय. म्हणाले, मिकोला सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"ईदला, तुमच्याच घरी. म्हणाले, तीनदा सांगितलं, तीनदा हो म्हणाला."

मला ते ताट आठवलं. तुझं बोलणं आठवलं. पालुपीला गुडेग वाढायला मीच खुणावलं होतं, तू गप्प बसावंस म्हणून. पहिल्या पत्रात ते मी वेगळं लिहिलंय.

मी विचारलं, "आणि ते चार चार परिच्छेद?"

"कुठले? अच्छा, ते. कारभार शिकवतायत ना मला. मी म्हटलं होतं, एवढं कशाला लिहिता, मास मिकोंना विचारीन. तर म्हणाले, मिको सांगणार नाही, बघतो म्हणेल." ती हसली, मग थांबली. "आणखी म्हणाले, मिकोला काय लिहू? मी जे लिहीन ते त्याला आधीच माहीत असतं."

मी पैसे द्यायला उठलो. गाडीवाला म्हणाला, मघाशीच दिले हो ताईंनी.

जाताना मी तिला विचारलं, तुलाच का आणलं त्याने. ती म्हणाली, "सांगू? चिडाल. म्हणाले, मिको एकटा उरला तर स्वयंपाकघराच्या दारात बसून राहील. कुणाला आत येऊ देणार नाही आणि स्वतः उपाशी मरेल. त्याच्याशी भांडायला कुणीतरी ठेवून जायला हवं."

मी चिडलो नाही. घरी आलो. पालुपीने विचारलं, कशी आहे मुलगी. म्हटलं, बरी आहे. ती म्हणाली, "बरी म्हणजे तुमच्या भाषेतली, की खरंच बरी?"

मिको

जोगजा, १३ जून

हेस्तु,

संमती दिली. नुसतं बटण दाबलं नाही, खाली लिहिलंसुद्धा. सोय माझी होती, हेतू चांगला होता, ती चुकीची निघाली, केनांगा पहिल्यापासून बरोबर होती आणि उशीर माझ्यामुळे झाला. चार परिच्छेद झाले. सुराबायाच्या म्हाताऱ्याने लगेच शिवी दिली, मग अभिनंदन केलं.

किल्ली नसेल तर पावोन आता सुरू होत नाही. त्या वेळी पडद्यावर काय लिहून यावं हे तिने मला विचारलं. मी लिहून दिलं, "तुमची किल्ली तुम्हालाच आणावी लागेल. घाई नाही. चहा पिऊन या." तिने स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. चहाची जुनी टीप काढायची का, हेही विचारलं. मी म्हटलं, नको. नको म्हणालो, हेस्तु, तोंडाने. फोनच्या पलीकडे टाळ्यांचा आवाज आला. फार आगाऊ आहे.

आज तुझी खारवलेल्या अंड्यांची पेटी पोचली. प्रत्येक अंड्यावर ब्रेबेसचा निळा शिक्का. आत चिठ्ठी नाही. आईने एक फोडून चाखलं आणि म्हणाली, हेस्तुच्या हाताला चव आहे. म्हणजे तू खरंच करतोयस हे. पहाटे उठतोस, बदकं सोडतोस, अंडी विटेच्या पुडीत आणि मिठात लिंपतोस. आणि त्या बदकांना तू रोज दिसतोस. केनांगावर जळण्यात माझे चार महिने फुकट गेले. जळायचं तर बदकांवर जळायला हवं होतं.

तुझं नाव काढायचं काम मी तिच्याकडून मागून घेतलं. ती म्हणाली, बरं झालं, माझा हात धजत नव्हता. पण यादीतला माणूस त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढता येत नाही, हा तिसरा नियम. तोही तुझाच.

म्हणून आता नीट ऐक. तू मला तीनदा विचारलंस, मी तीनदा हो म्हटलं, आणि ते हो नव्हतं हे तुलाही माहीत होतं. चौथ्यांदा विचारलंस असं समज. माझं उत्तर आहे, नाही. मला तू जायला नको आहेस. तुझ्याशिवाय त्या पानावर मला करमणार नाही. सगळा कोड चालेल, सगळ्या चाचण्या हिरव्या होतील आणि मला करमणार नाही. हे बारा वर्षांतलं माझं तुला पहिलं 'नाही' आहे, तेव्हा ते जपून ठेव.

आता झालं बोलून. आता तू जा.

सोबत दुसरा कागद जोडलाय. त्यावर तुझ्या वतीने एकच ओळ आहे, 'माझं नाव यादीतून काढावं', आणि खाली मोकळी जागा. पत्रासोबतच्या छोट्या डबीत शाईची गादी आहे, निळी, तुझ्या अंड्यांच्या शिक्क्याला जुळणारी. या वेळी मला परिच्छेद नकोत. अंगठाच दे.

मिको